ढगाआडचं ऊन

साडीवर शर्ट नाही अशी सिंधू मी एकदाच पाहिली. ते पुढे सांगते. बाकी सगळा जन्म तिनं वडिलांच्या जुन्या शर्टात काढला. आमच्या मेडशीत शेतावर जाणाऱ्या बाया साडीवर पुरुषाचा शर्ट घालतातच. कपाशीत हात ओरबाडतात, तुरीत अंग खाजतं. पण घरी आलं की बाई शर्ट खुंटीला टांगते. सिंधू टांगत नसे. लग्नाला गेली तरी शर्ट, मयतीला गेली तरी शर्ट. गळ्याची गुंडी लावलेली, बाह्या मनगटापर्यंत, आणि डोक्याला दुपट्टा असा गुंडाळलेला की नुसते डोळे दिसावेत. वडील गेले, त्यांचे शर्ट फाटले, मग भावाचे घेतले. पण म्हणायची बाबाचाच.

आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक कमरेएवढी भिंत. त्यामुळे मला ती लहानपणापासून ठाऊक. मी लग्न होऊन आले तेव्हा ती रांगत होती.

सिंधू पांढरी जन्मली. गोरी नाही, पांढरी. केस अंबाडीच्या वाखासारखे, भुवया आणि पापण्याही तशाच. डोळे एका जागी ठरायचे नाहीत, सारखे हलत राहायचे, आणि उजेडात ती ते मिटूनच घ्यायची. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून दुसरीतच शाळा सुटली. गावानं तिला भुरी म्हटलं, तोंडावर म्हटलं, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. तिचं लग्न झालं नाही. कोणी विचारायलाच आलं नाही, म्हणून मोडण्याचा प्रश्न नव्हता.

लोकांना वाटायचं तिला कोड आहे. एकदा आम्ही एसटीनं मालेगावला निघालो होतो. हिच्या शेजारी बसलेल्या बाईनं हिचा हात पाहिला आणि मांडीवरचं पोर ओढून दुसऱ्या बाजूला घेतलं. सिंधूनं पाहिलं. पंजा तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, "घे व बाई, पोराच्या गालाले घासून पाय. रंग सुटला त वापस दे मले. माह्याजोळ आधीच कमी आहे."

बाई उठून मागे गेली. सिंधू मला म्हणाली, "चला काकू, ऐसपैस बसा. हा एक फायदा आहे माहा."

तिची आई मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. बाईचा जीव होता पोरीवर. ही जन्मली तेव्हा कोणी सांगितलं की लेकराला तेल लावून उन्हात निजवत जा, ऊन लागलं की रापेल, रंग धरेल. आमच्याकडे सगळ्याच तान्ह्यांना तेल चोळून सकाळच्या उन्हात निजवतात. माझीही लेकरं मी तशीच निजवली, ती धडधाकट आहेत. सिंधूच्या आईनं जरा जास्त वेळ निजवलं, रंग लवकर यावा म्हणून. पोर लाल झाली. मग पाठीची सालं निघू लागली. तर गावातल्या बाया म्हणाल्या, चांगलं आहे, पांढरं कातडं उतरतंय, खालून खरं येईल. आणि त्या माउलीनं पोरगी रडत असताना आणखी उन्हात निजवली. खालून खरं आलं तेही पांढरंच होतं.

हे सांगताना म्हातारी रडायची. सिंधू रडायची नाही. ती म्हणायची, "माय, तू वांगं भाजून राह्यली होती का मले?"

म्हातारी हसायची मग.

सिंधू सावलीनं चालायची. सकाळी गल्लीच्या उगवतीकडच्या भिंतीला धरून, दुपारनंतर मावळतीकडच्या. तिच्याशी बोलत चाललं आणि सावली संपली की वाक्य अर्धवट टाकून ती पलीकडच्या भिंतीला जायची. उरलेलं वाक्य तिकडून ओरडून सांगायची. त्यामुळे तिची गुपितं सगळ्या गल्लीला ठाऊक असत. निंदणाला मात्र तिच्यासारखी बाई नव्हती. दिसायचं कमी, पण सोयाबीनचं रोपटं कुठलं आणि तण कुठलं ते बोटांनी ओळखायची. खाली मुंडी घालून ओळ धरायची ती बांधावर पोचल्यावरच वर बघायची.

आता तिची चूक सांगते. ती एकटीची नव्हती, आमची सगळ्यांचीच होती. आम्हाला ऊन म्हणजे चटका एवढंच ठाऊक. चटका बसला की ऊन आहे, गार वाटलं की नाही. त्यामुळे वैशाखात ती तोंड बांधून असायची, पण पावसाळ्यात आभाळ भरून आलं, गार वारा सुटला की दुपट्टा सोडून कमरेला बांधायची. बाह्या वर करायची. तेवढाच तिचा सुखाचा काळ. निंदण नेमकं तेव्हाच असतं. दिवसभर वाकून मान, कान, गाल वरच्या उजेडाला उघडे. रात्री कान लाल व्हायचे, दुखायचे. ती म्हणायची, "वारा लागला." आम्हीही म्हणायचो, वारा लागला असेल, तेल गरम करून घाल.

तिच्या भावाच्या सुनेनं, वर्षानं, तिला पहिल्यांदा कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. वर्षा बारावी शिकलेली, तिच्यापुढे कोणाचं चालत नसे. मालेगावला तपासणीचं शिबिर होतं. मीही गेले, मला गुडघे दाखवायचे होते. डॉक्टरीणबाईनं सिंधूचा शर्ट मनगटापासून वर केला, पाहिलं आणि म्हणाली, "हे कोड नाही. यांच्या कातडीत जन्मापासून रंगच तयार होत नाही. कोणाला लागत नाही." त्या घरात मामाची मुलगी करायची रीत आहे, तेही तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली, उन्हापासून जपायची क्रीम लावायची, अंगभर कपडे घालायचे.

सिंधूनं यातलं क्रीमचं तेवढं ऐकलं.

तिथूनच आम्ही बाजारात गेलो. दुकानदार म्हातारे चाचा, बांगड्या, पावडर, रिबिनी विकणारे. वर्षा मागे भाजी घेत होती. सिंधू तोंड बांधून पुढे झाली आणि म्हणाली, उन्हाची क्रीम द्या. चाचांनी एक ट्यूब पुढे केली. म्हणाले, "ये लगाओ बहन. पंधरा दिन में चेहरा गोरा हो जाता."

सिंधूनं सावकाश दुपट्टा सोडला. म्हणाली, "चाचा, और कितना गोरा करते मेरेकू?"

चाचांचा हात हवेतच राहिला. दुकानातल्या दोन पोरी तोंडाला हात लावून हसल्या. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी स्टूल पुसून तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. वर्षा आल्यावर तिच्याकडून नीट समजून घेतलं आणि पुढच्या बाजाराला खरी क्रीम अकोल्याहून आणून ठेवली. पुढे कायम आणून ठेवायचे. पण गावात जी गोष्ट पोचली ती पहिल्या ट्यूबचीच. भुरी गोरं व्हायची क्रीम आणायला गेली होती, हे मी नंतर वर्षभर ऐकलं.

खरी क्रीम आली त्याच महिन्यात मारुतीच्या देवळाचा भंडारा होता. त्या दिवशी मी तिला शर्टाशिवाय पाहिलं. जांभळी साडी, अर्ध्या बाहीचं पोलकं, डोक्यावर काही नाही. भर दुपारी मैदानात, पंगतीत बुंदी वाढत होती. मला आधी ओळखूच आली नाही. हात खांद्यापासून मोकळे, तिलाच नवे असल्यासारखे ती ते लांब धरून चालत होती.

मी म्हटलं, "सिंधू, शर्ट कुठं आहे?"

"क्रीम लावली ना काकू. आता कायले शर्ट?" मग जरा जवळ येऊन म्हणाली, "हवा लागते व हाताले. तुमाले रोजच लागते, तुमाले काय समजन."

किती लावली, तर देवाचा अंगारा लावतात तेवढी. कपाळाला बोट, दोन्ही गालांना बोट, हातांना एकेक. महाग वस्तू, वर्षभर पुरवायची, आणि सकाळी एकदा लावली की ती दिवस मावळेपर्यंत राखण करते, असं तिच्या मनात. आम्ही तूपही असंच वाढतो, वास आला म्हणजे पुरे. संध्याकाळी तिचे हात सुजले. रात्रीतून फोड आले. गावातल्या बायांनी निकाल दिला की क्रीमनंच जळाली, औषध उलटलं.

आम्ही तिला पुन्हा मालेगावला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईनं तिला समोर बसवून सांगितलं. मी ऐकलं, म्हणून लिहिते. क्रीम म्हणजे चिलखत नाही. लावायची तर भरपूर, उघड्या राहिलेल्या सगळ्या अंगाला, कान आणि मानेलासुद्धा. दोन तासांनी पुन्हा. घाम आला, तोंड धुतलं की पुन्हा. पण आधी सावली, मग कापड आणि सगळ्यात शेवटी क्रीम. आणि आभाळ आलं म्हणून काही सोडायचं नाही. चटका लागत नाही, तरी ढगातून ऊन येतंच.

सिंधूनं मानेवरून, कानांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हंजे निंदणात जे मी उघडी राहो, तेच ऊन व्हय?"

"तेच," बाई म्हणाली.

मी विचारलं, मी तर काळी, मला काय? ती म्हणाली, "तुम्हाला धोका पुष्कळ कमी, आजी. अजिबात नाही असं मात्र नाही." म्हणून मी आता डोक्यावर पदर घेते. पूर्वी तो सासऱ्यासाठी घ्यायचे.

त्या दिवसापासून सिंधूनं शर्ट काढला नाही. आभाळ असो, पाऊस असो. बाया हसायच्या, "काय व भुरे, चांदण्याचंबी ऊन लागते का तुले?" ती म्हणायची, "लागन त तुमाले नाही सांगणार."

मग वर्षाला मुलगी झाली. ईश्वरी. पांढरी.

बाळंतिणीच्या खोलीत वर्षाची सासू कमल, म्हणजे सिंधूची वहिनी, भिंतीकडे तोंड करून बसली. वर्षा कमलच्या भावाचीच मुलगी, म्हणजे पोरीत दोन्हीकडून तिचंच रक्त. सिंधूनं पोर उचलली, अगदी डोळ्यांजवळ नेली. तिला तसंच दिसायचं. म्हणाली, "आली का व? मले वाटे, मी एकलीच."

बारशाला थंडी होती. बारशानंतर एका सकाळी मी भिंतीपलीकडे पाहिलं, तर कमलनं अंगणात खाट टाकलेली, खाटेवर पोर तेल लावून उघडी निजवलेली. आणि सिंधू उन्हाच्या बाजूला उभी, खांबासारखी. तिची सावली पोरीवर.

कमल म्हणाली, "बाई, उन्हात काहून उभ्या? तुमाले सोसत नाही."

"तिले सोसते?"

"कोवयं ऊन आहे. लेकराचे हाडं बळकट होतात. अन् थोडी रापली त मानसात येईन."

सिंधू म्हणाली, "मी आली का मानसात?"

कमलनं खाट ओढून पलीकडे केली. सिंधू सरकली. कमलनं पुन्हा खाट हलवली, सिंधू पुन्हा सरकली. असं करत त्या दोघी गोठ्यापर्यंत पोचल्या. कमल माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, तुमी तरी सांगा हिले." मी माझी भांडी घासत राहिले. कमल वाईट बाई नाही. तिला ते पोर सुनेच्या मांडीवर रंग आलेलं पाहायचं होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. सिंधू सकाळी चहा पिऊन येऊन उभी राहायची, जशी काही कामावर आली आहे. शेवटी एक दिवस कमलनं खाट पडवीत टाकली आणि तेलाची वाटी सिंधूच्या हातात दिली. "घ्या. तुमीच चोळा आता."

तेव्हापासून पोर सिंधूची. बाबाचे म्हणायची ते शर्ट तिनं उसवले आणि पोरीच्या मापाचे शिवून घेतले, बाह्या लांब, कॉलर उभी. शाळेत परिपाठाला पोरं मैदानात उभी करतात. सिंधू पहिल्याच दिवशी गुरुजींसमोर जाऊन उभी राहिली. "गुरुजी, हे पोट्टी वऱ्हांड्यात उभी राहीन."

गुरुजी भले. म्हणाले, "अहो, सकाळचं ऊन चांगलं असतं. जीवनसत्त्व मिळतं त्यातून."

"बाकीच्या लेकराइले द्या तिच्या वाटचं."

पोर वऱ्हांड्यात उभी राहू लागली. पण पोरच ती. बाकीची पोरं चिडवायची, बुढ्याचा शर्ट आला, बुढ्याचा शर्ट. ईश्वरी शाळेच्या वळणावर गेली की शर्ट काढून दप्तरात कोंबायची. सिंधूनं मारून पाहिलं, चिक्की देऊन पाहिलं. माझ्याकडे येऊन म्हणायची, "काकू, मी आहे तोवर मांगं मांगं फिरीन. मंग?"

कारण तेव्हा तिच्या कानामागे खपली धरली होती. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. धरायची, निघायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची. तिला वाटलं दुपट्ट्याची गाठ घासते. हळद लावली. दगडीपाला चोळून लावला. कोणी बिब्बा सांगितला, तो मी लावू दिला नाही. सोयाबीनची सोंगणी होऊ दे, मग दाखवते म्हणाली. सोंगणी झाली, मग तूर आली. दाखवलं तेव्हा दाण्याचं बोर झालं होतं.

डॉक्टरीणबाईनं लपवलं नाही. कॅन्सर आहे म्हणाली, कापावं लागेल. वर्षा रडू लागली. सिंधूनं एकच विचारलं, "घरात पोट्टी आहे माह्यासारखी. तिले होईन का हे?"

"उन्हापासून सांभाळली तर बहुतेक नाही होणार."

"सांभाळली त," सिंधू म्हणाली. परतीच्या बसमध्येही तेच. खिडकीकडे बघत, आपल्याशीच, "सांभाळली त."

अकोल्याला कान कापला, गालाचा तुकडा काढला. पट्टी बांधून परत आली. त्यानंतर तिनं तोंड कोणाला दाखवलं नाही. घरातसुद्धा दुपट्टा. जेवायला भिंतीकडे वळून बसायची. ईश्वरी विचारायची, "आत्या, तुहं तोंड कुठं गेलं?" ती म्हणायची, "धुवाले टाकलं."

पावसाळ्यात मानेत गाठ आली. पुन्हा अकोला, या वेळी बरेच दिवस राहून शेक घ्यायचा होता. मशीनचा. ती म्हणाली, "जन्मभर शेकापासून पयली, आता म्हन्ते शेकच औषध." हे तिचं माझ्याशी नीट बोललेलं शेवटचं.

ती निघाली त्या दिवशी आभाळ गच्च होतं. सूर्य कुठल्या बाजूला आहे तेही कळत नव्हतं. फाट्यावर आम्ही दहापाच बाया, कमल, आणि शाळेची पोरं, कारण बसथांब्यासमोरच शाळेचं फाटक आहे. बस आली. वर्षानं पिशवी आत ठेवली, सिंधूला हात देऊन वर चढवलं. तेवढ्यात ईश्वरी फाटकातून पळत आली. उघड्या बाह्या, उघडं डोकं. "आत्या!"

सिंधू पायरीवरूनच वळली. तिला इतक्या लांबचं दिसत नव्हतं, पण पांढरं दिसलं असणार. ती खाली उतरू लागली.

कंडक्टर ओरडला, "ओ माय, बसा वर! टाइम झाला."

"थांब जरा. पोट्टी उन्हात आहे."

कंडक्टरनं दारातून आभाळाकडे पाहिलं. "ऊन कुठी आहे व?"

"आहे," सिंधू म्हणाली आणि उतरली.

पोर जवळ आली. सिंधूनं विचारलं, "शर्ट?" पोर म्हणाली, "दप्तरात. आज ऊन नाही ना, आत्या."  सिंधूनं आपल्या दुपट्ट्याची गाठ सोडली. मी म्हटलं, सिंधू, राहू दे, मी घेते तिला पदराखाली. तिनं ऐकलं नाही. दुपट्टा पुरा उकलला आणि पोरीच्या डोक्याला, मानेला, हातांना गुंडाळू लागली.

तोंड सगळ्यांपुढे उघडं झालं. कान नव्हता. गाल आत गेलेला, कातडं ओढून शिवलेलं, मानेवर गाठ. फाटकातली पोरं मागे सरकली. एका बाईनं तोंडाला पदर लावला. ईश्वरी बघत राहिली. ती घाबरली, पण हलली नाही.

"पायलं?" सिंधू म्हणाली. "हे ढगाचं ऊन व्हय."

मग दुपट्ट्याची गाठ पोरीच्या हनुवटीखाली बांधली, घट्ट, आणि वर चढली.

ती परत आली नाही. पोरीनं त्या दिवशी दुपट्टा शाळेत काढला नाही आणि दुसऱ्या दिवशी शर्ट घालून गेली. अजून घालते. चिडवायचं पोरांनीच बंद केलं.

त्या दिवशी ऊन नव्हतंच, असं गावातल्या बाया आजही म्हणतात. मी वाद घालत नाही. बस हलली तेव्हा सिंधू खिडकीशी बसलेली दिसली. तिचा हात वर होता. मला वाटलं, निरोप देते आहे, म्हणून मीही हात वर केला. पण तिचा हात हलत नव्हता. उघड्या गालावर तळहाताची सावली धरून ती बसली होती.